देवापुढे हात जोडते, पण मनात काहीच येत नाही

मावशी, नाव छापू नका. मी सांगलीजवळच्या कुपवाडची, वय ४३. नऊ महिन्यांपूर्वी मिस्टरांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एमआयडीसीत वर्कशॉपला होते, पगार अठरा हजार, त्यातूनही काहीतरी कटिंग व्हायचं. आता काठी धरून बाथरूमपर्यंत जातात पण तोंडातून 'हां' आणि 'नको' एवढंच येतं. मी घरातून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, पहाटे चारला उठते. मुलगी बारावीला आहे, ती माझ्यासोबत उठून कणीक मळून देते, तिचा अभ्यास बुडतो याचं टेन्शन वेगळंच. मुलगा आठवीत. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा फिजिओच्या दिवशी यांना जिना उतरवून देतो, त्याला तरी किती वेळा सांगायचं, लाज वाटते. किराणावाल्याची उधारी तीन महिन्यांची आहे, तो काही बोलत नाही पण मलाच त्याच्यासमोरून जायला नको वाटतं.

सासूबाई ७४ वर्षांच्या, माळकरी, रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात. त्यांचं म्हणणं, ठेविले अनंते तैसेचि राहावे, तुझ्या तोंडावर समाधान नाही म्हणून घराला बरकत नाही, सोळा सोमवार धर. दीर पुण्याला असतात, ते फोनवर म्हणतात वहिनी आपल्यापेक्षा वाईट परिस्थितीतली माणसं बघा. नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की रोज रात्री पाच गोष्टी लिहायच्या ज्यांच्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत, आयुष्य बदलतं. मी वही आणली, तारीख टाकली आणि रडत बसले. दिवाळीपासून संध्याकाळचा दिवा लावणंच सोडलंय मी. हात जोडते पण मनात काहीच येत नाही. मिस्टर जेवताना मधेच रडायला लागतात, मी चिडते, मग माझंच मला वाईट वाटतं. रात्री कधी कधी वाटतं हे सगळं संपलं तर बरं होईल. माझी श्रद्धा संपली का मावशी? आणि कृतज्ञ कसं व्हायचं ते सांगा, मला खरंच जमत नाहीये.

---

तू मावशी म्हटलंयस म्हणून तू म्हणूनच लिहिते.

बाकी सगळं नंतर, आधी ते रात्रीचं. हे सगळं संपलं तर बरं, असं लिहिलंयस. वर्षभर आजारी माणसाचं करणाऱ्या बाईच्या मनात हे येतं गं, खूप जणींच्या येतं आणि एकीच्याही तोंडातून बाहेर पडत नाही. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की मला आता एक रात्र सलग झोपू दे. पण जर त्याचा अर्थ तुझ्यासाठी वेगळा असेल, म्हणजे स्वतःला काही करून घ्यावं असं एकदा जरी डोक्यात येऊन गेलं असेल, तर हे पुढचं वाचायच्या आधी १४४१६ ला फोन लाव. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. आणि शेजारपाजारी जिच्यावर तुझा विश्वास आहे अशा एकीला त्याच दिवशी हे बोलून दाखव. एवढं माझं ऐक.

आता तुझा प्रश्न, श्रद्धा संपली का. मला तसं वाटत नाही आणि का वाटत नाही ते सांगते. ज्याची श्रद्धा संपते तो माणूस दिवा लावायचा सोडतो आणि विसरून जातो, त्याला त्याचं काही वाटत नाही. तुला मात्र दिवाळीपासून लक्षात आहे. रोज संध्याकाळी तू त्या देव्हाऱ्यासमोरून जातेस आणि मुद्दाम लावत नाहीस, म्हणजे तू रागावली आहेस त्याच्यावर. आणि देवावर रागावणं हे आपल्याकडे पाप कधीच नव्हतं.

सासूबाई माळकरी आहेत ना, मग त्यांच्याच घरातलं सांगते. ज्या तुकोबांची ओळ त्या तुला ऐकवतात त्या तुकोबांचं काय झालं होतं ते आठव. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ, त्यात दुकान बसलं, पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतः अभंगात लिहून ठेवलंय, पोरगाही गेला. ठेविले अनंते म्हणणारा माणूस हा आहे. आणि हाच माणूस दुसरीकडे विठ्ठलाला म्हणतो, माझे लेखी देव मेला. म्हणजे माझ्यापुरता तू मेलास, जा. हेही त्यांच्याच गाथेत आहे, कुणी काढून टाकलं नाही. जनाबाईने तर विठ्या विठ्या म्हणून अशी कडक बोलणी केलीत की आज कुणी मोठ्याने म्हणायला कचरेल. जनाबाई दळायला बसली की विठोबा येऊन जात्याला हात लावायचा असं आपण कौतुकाने सांगतो, पण तिची भांडणं सांगत नाही. म्हणून तुझ्या घरातसुद्धा तुला समाधानाची ओळ तेवढी ऐकायला मिळते आणि रागाची मिळत नाही.

त्या समाधानाच्या ओळीबद्दल माझं एक ठाम मत आहे. ती ओळ माणसाने स्वतःला म्हणायची असते. जो सोसतोय त्याने रात्री अंथरुणावर पडल्यावर स्वतःच्या मनाला सांगायची, आणि तेव्हा ती फार आधार देते, मी स्वतः घेतलाय तो आधार. पण तीच ओळ दुसऱ्याने, ज्याच्या हातात तवा नाही आणि ज्याला चारला उठायचं नाही त्याने, आपल्याला येऊन सांगितली की ती नुसती गप्प बस म्हटल्यासारखी लागते. तुला ती तशी लागली यात तुझं काहीच चुकलेलं नाही.

माझ्या आईचं सांगते थोडं. आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो, वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. सगळ्यांना वाटत होतं दोन-तीन महिन्यांत निकाल लागेल. तो संप मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलंच नाही, लोक एकेक करून गावाला गेले, कोणी भाजी विकायला बसलं, कोणी दारूला लागलं, गिरण्या काही पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. आमच्या घरात देव्हारा म्हणजे भिंतीला ठोकलेली एक फळी आणि त्यावर विठोबाची तसबीर. तेल संपलं की आई त्या तसबिरीकडे बघून म्हणायची, आज तूही बस अंधारात, आम्हीपण बसलोय. अगदी सरळ, घरातल्या माणसाला बोलावं तसं. मी लहान, मला भीती वाटायची की आता देव कोपणार. आणि तेल आलं की दुसऱ्या दिवशी परत दिवा लागायचा, त्याबद्दल ना माफी ना काही.

पण तिची दुसरी एक गोष्ट होती जी मला तुला सांगायचीय. समोरच्या खोलीतल्या वहिनी कधी पिठाचा डबा पाठवायच्या, कधी वाटीभर आमटी. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत हे तुला माहितीच आहे, चिमूटभर साखर तरी घालतात. तर एकदा आमच्याकडे साखरही नव्हती. आईने गॅलरीत डालड्याच्या डब्यात कढीलिंब लावला होता, त्याची एक डहाळी तोडली, धुतली, पदराने पुसली आणि त्या पिठाच्या डब्यात ठेवून मला म्हणाली जा देऊन ये, आणि सांग, आईने सांगितलंय तुमच्या पिठाच्या भाकऱ्या चांगल्या झाल्या, दोन वेळा पुरल्या. नुसतं थँक्यू नाही. काय झालं, किती पुरलं, ते सांगून यायचं. वहिनींच्या चेहऱ्यावर काय यायचं ते मला अजून दिसतं. त्यांच्या घरातही संपच होता गं, त्यांनी स्वतःच्या तोंडचं काढून दिलेलं असायचं.

आई संपाबद्दल देवाची आभारी नव्हती. कधीच नव्हती, मरेपर्यंत नव्हती. गेलेल्या नोकरीतही देवाची काहीतरी योजना असेल असं कोणी म्हटलं की ती उठून आत जायची. पण पिठाबद्दल ती वहिनींची आभारी होती आणि ते बोलून दाखवायची. तुला कृतज्ञ कसं व्हायचं असं विचारायचंय ना, तर मला येतं ते एवढंच येतं. जे वाईट झालंय त्याबद्दल आभार मानायचे नाहीत, ते कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत. नवऱ्याची उजवी बाजू गेली यात आभार मानण्यासारखं काय आहे? काही नाही. जे माणूस आपल्यासाठी काही करतंय त्याला मात्र ते कळलं पाहिजे.

आणि बघ, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. नणंदेची पाच गोष्टींची वही तुला भरता आली नाही म्हणतेस, पण पत्रात तू ती भरून टाकलीस आणि तुझ्या लक्षातच आलं नाही. पहाटे उठून कणीक मळणारी मुलगी. जिना उतरवून देणारा खालचा पोरगा. तीन महिने तोंडातून शब्द न काढणारा किराणावाला. या तिघांबद्दल तू लिहिलंयस पण एकीकडे टेन्शन म्हणून, दुसरीकडे लाज म्हणून, तिसरीकडे तोंड चुकवण्यासारखं म्हणून. लाज आणि उपकाराचं ओझं फार वाढलं ना की माणूस आभार मानायच्याऐवजी लपायला लागतो, हे आमच्या चाळीत मी ढीगभर पाहिलंय, चांगली चांगली माणसं जिन्यावरून मागच्या मागे वळायची.

म्हणून वही बाजूला ठेव. ती पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही हं, त्यावर अभ्यास झालेत, २००३ साली अमेरिकेत एमन्स आणि मॅककलो या दोघांनी केलेला तर खूप गाजला आणि त्यात स्नायूंचे आजार असलेल्या माणसांनीही अशी यादी करून पाहिली होती आणि त्यांना बरं वाटलं होतं. पण ती माणसं आपणहून लिहीत होती, त्यांना कोणी तुझ्या तोंडावर समाधान नाही असं सांगून बसवलं नव्हतं. तुझ्यावर ते अजून एक काम होऊन पडलंय, पोळ्या, गोळ्या, फिजिओ आणि वर कृतज्ञता. नको.

त्यापेक्षा किराणावाल्याच्या दुकानात जा. पैसे नसताना जा. गर्दी नसेल अशा दुपारच्या वेळी जा आणि सांग की तुम्ही तीन महिने थांबलात म्हणून माझ्या पोळ्यांचं पीठ-तेल चालू राहिलं, दर आठवड्याला ऑर्डरीतून दोनशे-तीनशे देत राहीन. आकडा तुला झेपेल तो सांग, पण सांग. खालच्या पोराला सांग की तू येतोस म्हणून यांचा फिजिओ चुकत नाही, काठी धरून चालतात त्यात तुझाही हात आहे. त्याच बोलण्यात त्याला हेही सांगून टाक की उचलताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, काखेतून वर खेचायचं नाही, खांदा निखळायला आलेला असतो या पेशंटांचा, कसं धरायचं ते फिजिओवाल्यांकडून एकदा त्याच्यासमोर दाखवून घे. आणि मुलीला. मुलीला तर आजच. तिला सॉरी म्हणू नकोस की तुझा अभ्यास बुडतो, ते ती रोज तुझ्या चेहऱ्यावर वाचतेच आहे. तिला सांग की तू कणीक मळून देतेस म्हणून माझी ऑर्डर साडेसहाला बाहेर पडते. आणि परीक्षेचे महिने आले की पोळ्यांची संख्या कमी कर पण तिला झोपू दे, तेवढं नुकसान सोस.

आता एक गोष्ट जी मला बोचतेय. नऊ महिन्यांत तुला कोणी म्हटलंय का, तू आहेस म्हणून हे घर उभं आहे? तुझ्या पत्रात तरी मला ते दिसलं नाही. आपल्याकडे समाधान आणि कृतज्ञता नेमकी घरातल्या सुनेकडूनच मागतात, तिच्याकडे कोणी तोंड वळवून ते देत नाही. दीर म्हणतात वाईट परिस्थितीतली माणसं बघा. मला हे वाक्य लहानपणापासून आवडत नाही. दुसऱ्याचं जास्त जळलंय हे बघून आपल्याला थंड वाटावं ही काय रीत झाली? त्यांना पुढच्या फोनला शांतपणे सांग, भावोजी, तुम्ही सल्ला देता तो प्रेमानेच देता पण महिन्यातला एक रविवार येऊन भावाजवळ बसा, मला आठ तास झोपायचंय. पुणे-सांगली काही परदेश नाही. येत नसतील तर फिजिओचे महिन्याचे पैसे पाठवा म्हण. मागायला लाज वाटू देऊ नकोस, भाऊ त्यांचा आहे.

सासूबाईंचं मात्र मी वेगळं धरते. त्या बोलल्या ते चुकीचं बोलल्या, तुझ्या तोंडामुळे घराला बरकत नाही हे वाक्य कोणत्याच सुनेने ऐकून घेऊ नये. पण ७४ वर्षांची बाई आहे आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा मुलगा मुका झालाय. तिला करण्यासारखं काही उरलेलं नाही. तिच्या हातात फक्त देव आहे, मग देव खुश नाही तो कोणामुळे हे ती घरात शोधत फिरते. घाबरलेलं माणूस असंच वागतं. तिच्याशी भांडून किंवा ऐकून घेऊन हे सुटणार नाही, तिला काम दे. आणि काम काय ते मी सांगते, खरंच ऐक, कारण यात तुझ्या मिस्टरांच्याही फायद्याचं आहे.

उजवी बाजू आणि बोलणं एकदम जातं तेव्हा बहुतेक डाव्या मेंदूला इजा झालेली असते, बोलायचे शब्द जुळवणं तिथून चालतं. पण लहानपणापासून पाठ असलेलं, चालीत म्हटलेलं, ते कितीतरी पेशंटांना येतं. ज्याला पाणी हा शब्द आठवत नाही तो आरतीत सूर धरतो, एक ते दहा आकडे म्हणतो. स्पीच थेरपीवाले याचा उपयोग करून घेतात. माझ्या सासऱ्यांना पॅरालिसिस झाला होता तेव्हा घरातल्यांची नावं त्यांना घेता येत नव्हती पण गणपतीच्या आरतीला सगळे उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून सुखकर्ता दुःखहर्ता बाहेर पडलं, पूर्ण नाही, तुटक तुटक, पण ओळखू येईल असं. माळकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर हरिपाठ किती वर्षं पडलाय विचार कर. तेव्हा सासूबाईंनी रोज संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर एकट्याने म्हणायच्याऐवजी मुलाच्या खाटेशी खुर्ची घेऊन बसायचं, त्याचा चांगला हात हातात घ्यायचा, हळूहळू चालीत म्हणायचं, आणि ओळीचा शेवटचा शब्द त्याच्यासाठी सोडायचा. हरि मुखे म्हणा, हरि मुखे... आणि थांबायचं. आला शब्द तर आला. नाही आला तर पुढची ओळ, चुकलं म्हणून टोकायचं नाही, तोंडात शब्द कोंबायचे नाहीत. एकदा सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला स्पीच थेरपिस्ट आहे का विचारून त्यांच्याकडूनही दाखवून घे. सगळं बोलणं परत येईल असं मी म्हणत नाही, ते कोणीच सांगू शकत नाही. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा जोरात होते, पुढे वेग कमी होतो पण दार बंद होत नाही.

आणि तो हरिपाठ चालू असेल तेवढा वेळ तू त्या खोलीत थांबायचं नाही. गच्चीवर जा, खाली कट्ट्यावर जाऊन बस. भांडी घासू नकोस, मोबाईलवर ऑर्डरी बघू नकोस. दिवा सासूबाई लावतील किंवा मुलगा लावेल, आठवीतलं पोरगं आहे, त्याला काडी ओढता येते. दिवा तूच लावायला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

आता मिस्टरांच्या रडण्याबद्दल. तू चिडतेस कारण तुला वाटतं मी भरवतेय आणि हे रडून मला आणखी रडवतायत. अगं, स्ट्रोकनंतर, म्हणजे अशा पॅरालिसिसच्या अटॅकनंतर, काही पेशंटांना मेंदूच्या इजेमुळेच असं कारण नसताना रडू फुटतं, काहींना हसू येतं, त्यांच्या हातात नसतं ते. आणि साधारण तिघांतल्या एकाला स्ट्रोकनंतर डिप्रेशन येतं, ते वेगळं. दोन्हींवर औषध आहे. पुढच्या ओपीडीला डॉक्टरांना स्पष्ट सांग की जेवताना रडतात, किती वेळा, किती वेळ. आपण बीपी आणि गोळ्यांचं सांगून येतो आणि हे घरातलं म्हणून सांगतच नाही. तोपर्यंत ते रडायला लागले की घास खाली ठेव, रडू थांबेपर्यंत भरवायचं नाही, एकतर ठसका लागायची भीती असते. का रडताय विचारू नकोस, त्यांना सांगता येत नाही आणि मग त्या न सांगता येण्याचंच रडू येतं. दुसऱ्या कशाचं तरी बोल. आणि एखाद्या वेळी चिडलीसच तर चिडलीस. ज्या हाताने चिडून वाटी आपटली त्याच हाताने पाच मिनिटांनी तोंड पुसतेस ना.

सोळा सोमवार आत्ता धरू नकोस. मी व्रतांच्या विरोधात नाही, मीही केलीत. पण चारला उठून तव्यासमोर उभं राहणाऱ्या बाईने चहावर दिवस काढायचा आणि संध्याकाळी एवढ्या वजनाच्या माणसाला उठवायचं बसवायचं, तू पडलीस तर त्या घरात दुसरं कोण आहे? सासूबाईंना सांग की महादेवाला म्हणावं थोडं थांब, यांचं चालणं सुधारलं की करीन. आणि कोणी झाडपाल्याचं किंवा लकव्याच्या इंजेक्शनचं सुचवलं, सुचवतातच, तर यांच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवसही बंद होऊ देऊ नकोस. दुसरा अटॅक नको आपल्याला.

आता ते कटिंग. अठरा हजार पगार आणि त्यातून कटिंग व्हायचं असं तू सहज लिहून गेलीस आणि मी तिथेच अडकले. ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत असतो त्यांचं ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापतात, वर्कशॉप छोटं असलं तरी दहा माणसं असतील तर लागू होतं. जुनी पगाराची स्लिप काढ आणि बघ. कापलं जात असेल तर आजारपणाचे पहिले ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के मिळतात, आणि पुढे ३४ मोठ्या आजारांची एक यादी आहे, त्यात अर्धांगवायू बसतो, त्यासाठी ८० टक्के पगार जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट आहे, दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते. नऊ महिने गेले, आता उशीर झाला असं स्वतःच ठरवून घरी बसू नकोस, ईएसआयच्या दवाखान्यात किंवा ऑफिसात जाऊन विचार, जाताना आधार, डिस्चार्जचे कागद, सगळं ने. पीएफ कापत असतील तर कायमचं अपंगत्व आल्यावर मिळणाऱ्या पेन्शनचंही विचारून ये. आणि दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, त्याचा फॉर्म स्वावलंबन पोर्टलवर भरतात आणि तपासणी सरकारी हॉस्पिटलला होते, हे काम मुलगी मोबाईलवर करेल किंवा दीर पुण्यातून बसल्या बसल्या करतील, त्यांना हे काम सांगच.

हे पैशाचं मी श्रद्धेच्या प्रश्नात का घुसवलं असं वाटेल तुला. अगं, घरात महिन्याला दहा-बारा हजार नक्की यायला लागले ना की मन आपोआप थोडं हलकं होतं आणि मग हात जोडल्यावर काही येतं की नाही ते बघता येईल. उपाशी आणि अर्धवट झोपलेल्या माणसाच्या मनात काही येत नाही, ते देवालाही कळत असणार.

तोपर्यंत हात जोडावेसे वाटले तर जोड, नाही वाटले तर त्याच्याशी भांड, मोठ्याने भांड, घरात कोणी नसेल तेव्हा. काय काय राग आहे ते सगळं सांग त्याला. आणि तेही नको वाटलं तर गप्प बस, सासूबाईंचा हरिपाठ चालू आहे, तुझ्या वाटचंही त्यात येतंय असं समज.

आधी ईएसआयचं बघ, या आठवड्यातच. काय म्हणाले ते मला लिही, आणि हरिपाठाला यांनी एखादा शब्द धरला तर तेही लिही.

तुझी मावशी